सरस्वतीचा लांबलेला मुक्काम

देव आणि पुस्तक यांत एक साम्य आहे: कोणी हात लावला नाही, तर दोन्ही पुष्कळ वर्षे टिकतात. हे तत्त्व बहुतेक ग्रंथालयांना अंधुकपणे जाणवलेले असते आणि त्यांचे नियम त्या जाणिवेतूनच जन्म घेतात. परंतु ते शेवटपर्यंत नेण्याचे धैर्य सर्वांच्या ठायी नसते. कोठे तरी एखादा ग्रंथपाल मऊ पडतो, एखादा विद्यार्थी अजिजी करतो, आणि एक पुस्तक घराबाहेर पडते. रत्नागिरीतील एका हायस्कुलाने मात्र (नाव सांगण्याचे कारण नाही, तेथील माजी विद्यार्थी आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि वाचनाचे व्यसन त्यांपैकी एकासही नाही) हे तत्त्व पूर्णत्वास नेले. त्याचे श्रेय इतिहासाचे शिक्षक व ग्रंथालयप्रमुख रा. रा. गोळपकर यांच्याकडे जाते.

सर्व थोर संस्थांप्रमाणे या संस्थेचाही उगम एका विस्मरणात आहे.

एकोणीसशे तीस सालच्या नवरात्रात, शाळेच्या रिवाजाप्रमाणे, मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन झाले. ग्रंथालयातील झाडून सारी पुस्तके मोठ्या काचेच्या कपाटात रचली गेली, त्या राशीलाच मूर्ती कल्पिले गेले, आणि संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी देवीस तीत येऊन बसण्याची विनंती केली. देवी येऊन बसली. पुढे दसऱ्यास, श्रवण नक्षत्रावर, उत्तरपूजा करून तिला निरोप द्यावयाचा, की पुस्तके पुन्हा नुसती पुस्तके होतात आणि मुलांनी ती फाडावयास हरकत राहत नाही. परंतु शास्त्रीबुवांना मुंबईत अधिक मानाची जागा मिळाली होती, आणि दसऱ्याच्या सकाळच्या बोटीने त्यांनी स्वतःच निरोप घेतला. मुख्याध्यापकांना वाटले, उत्तरपूजा गोळपकरांनी केली. गोळपकरांना वाटले, शास्त्रीबुवांनी ती पहाटेच उरकली. एकमेकांस सोने देऊन सर्व मंडळी घरी गेली. चार दिवसांनी बाबू शिपाई झाडावयास गेला, तेव्हा कपाटापुढला नारळ होता तेथेच होता, आणि देवीस कोणी 'जा' म्हटलेच नाही ही गोष्ट उघडकीस आली.

दुसऱ्या एखाद्या शाळेने अशा वेळी दोन फुले वाहून, चूक पदरात घे म्हणून, कपाट उघडले असते. गोळपकरांचे वाचन मोठे होते, त्यामुळे त्यांना हा सोपा मार्ग सुचला नाही. त्यांनी आठ दिवस ग्रंथ चाळले (घरचे, शाळेचे आता चाळता येत नव्हते) आणि निर्णय दिला की, श्रवण नक्षत्र उलटले, सबब विसर्जन आता पुढल्या अश्विनात. तोवर पुस्तकांस स्पर्श करणे म्हणजे मूर्तीस स्पर्श करणे होय.

पुढला अश्विन आला. तेव्हा अधिक खोल अडचण दिसून आली. विसर्जनापूर्वी आवाहन पाहिजे. आणि जी देवी कपाटात बसलेलीच आहे तिला आवाहन करता येत नाही. घरात बसलेल्या पाहुण्याला 'या' म्हणता येत नाही, आणि 'या' म्हटल्याखेरीज 'पुन्हा या' म्हणता येत नाही. गोळपकरांनी हे व्यवस्थापक समितीस समजावून सांगितले. समितीतील वकिलांनी तर्कात कोठेही फट नसल्याचा निर्वाळा दिला, आणि मुक्काम बेमुदत वाढविण्यात आला.

कपाटास कुलूप नव्हते. दोन्ही कड्यांतून एक तांबडा दोरा ओवलेला होता. पूर्वी कुलूप होते तेव्हा पुस्तके नाहीशी होत. दोरा आल्यापासून एकही गेले नाही, हे गोळपकर पाहुण्यांस आवर्जून सांगत.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी जे नवे नियम करण्यात आले, त्यांतील प्रमुख येथे उतरवून ठेवणे इष्ट आहे. ग्रंथालयात शिरताना चपला बाहेर काढाव्या (ज्यांच्यापाशी चपला नाहीत त्यांनी क्षणभर थांबून काढल्यासारखे करावे). ग्रंथांचे दर्शन मधल्या सुटीत, तीन हातांच्या अंतरावरून घ्यावे. पुस्तकाच्या पाठीवरील नाव मोठ्याने वाचू नये; देवीस नावाने हाक मारल्यासारखे होते. ज्यास एखादे विशिष्ट पुस्तक हवे असेल त्याने कौल लावावा: कपाटाच्या काचेवर ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवाव्या, उजवी आधी पडल्यास ग्रंथकर्त्याचे नाव व पुस्तकातील प्रकरणांची संख्या त्यास सांगण्यात येईल, डावी पडल्यास नुसती संख्या. पावसाळ्यात पाकळ्या पडतच नाहीत, सबब ज्येष्ठ ते भाद्रपद मागणी स्वीकारली जाणार नाही.

शिक्षणखात्याचा एक हुकूम असा होता की, प्रत्येक मुलाने सत्रात एका अवांतर पुस्तकाचा सारांश लिहावा. हुकूम मोडणे शक्य नव्हते. तेव्हा मुले पुस्तकाच्या पाठीकडे पाहून सारांश लिहू लागली, आणि गोळपकरांच्या ध्यानी आले की सारांशांचा दर्जा पुष्कळ सुधारला आहे. पूर्वी पुस्तक वाचलेली मुले गोंधळत, 'हे पटत नाही', 'ते कळले नाही' असे काहीबाही लिहीत. आता प्रत्येक सारांश स्वच्छ, निःशंक आणि एका पानात मावणारा होता. त्या मुलांतल्या तिघांनी पुढे वर्तमानपत्रांतून ग्रंथपरीक्षणे लिहून नाव कमावले.

वार्षिक अहवालात आकडे बोलके होते. गहाळ पुस्तके: शून्य. फाटलेली: शून्य. समासात पेन्सिलीने अभद्र मजकूर लिहिलेली: शून्य. ग्रंथालयाचा लाभ घेतलेले विद्यार्थी: सर्व (नमस्कार करणारे धरून). तपासणीस आलेले साहेब अर्धा तास कपाटासमोर उभे राहिले आणि शेरेबुकात त्यांनी लिहिले की, इतकी शांतता त्यांनी दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात अनुभवलेली नाही. गोळपकरांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत काढवून कपाटावर लावले. आपण आयुष्यात काहीतरी करून दाखविले, असे त्यांना त्या दिवशी प्रथमच वाटले, आणि घरी जाताना त्यांनी बायकोसाठी गजरा नेला.

या सुव्यवस्थेस तडा गेला तो गुणाजीमुळे.

गुणाजी बंदरावरच्या मच्छीमारांचा मुलगा. त्यांच्या वाडीतून मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचलेला तो पहिलाच. मार्चात परीक्षा होती. पास झाला तर बंदरकचेरीत कारकुनाची जागा मिळण्यासारखी होती. नापास झाला तर मामा गंगाराम यांनी परळच्या एका कापडगिरणीत त्याच्यासाठी साचा, म्हणजे मागावरची जागा, बघून ठेवला होता. बाकी सर्व विषय त्याने पाठ केले. बीजगणित पाठ होईना. बीजगणिताचे जे जाड इंग्रजी पुस्तक लागे त्याची गावात एकच प्रत होती, आणि ती मधल्या फळीवर, डावीकडून पाचवी, देवीच्या साधारण कमरेच्या ठिकाणी होती.

गुणाजीने सात वेळा कौल लावला. त्यास ग्रंथकर्त्याचे नाव कळले, प्रकरणे बत्तीस असल्याचेही कळले.

"मास्तर," तो म्हणाला, "बत्तीस हायत ते ठाऊक झालं. आता त्यांत काय हाय ते कळाया हवं."

"श्रद्धेने दर्शन घे," गोळपकर म्हणाले. "ज्ञान झिरपते."

"भिंतीतून पाणी झिरपतं, मास्तर. काचेतून नाय झिरपत."

गोळपकरांनी हे उद्धटपणाच्या सदरात नोंदविले.

जानेवारीच्या एका मंगळवारी, मधल्या सुटीत, चाळीस-पन्नास मुले दर्शनास उभी असताना गुणाजी पुढे झाला. त्याने तीन हातांची रेषा ओलांडली. खिशातून मूठभर तांदूळ काढून कपाटापुढे टाकले, हात जोडले, आणि वाडीतला जाणता माणूस देवळापुढे उभा राहून घालतो तसे गाऱ्हाणे घातले.

"आई सरस्वते, शास्त्रीबुवांनी तुला बोलावलंन आनि आपण बोटीत बसून गेले. तू ताटकळत ऱ्हायलीस. ह्यात तुजं काय चुकलेलं नाय, आमचं पण नाय. तर आता तू सुखानं तुज्या घराकडं जा, पुढल्या वर्साला परत ये, आनि जाताना ह्या पोरांना चार बुकं वाचाया मोकळी करून दे, महाराजा."

"व्हय महाराजा," चाळीस-पन्नास मुलांनी साथ दिली. (ज्यांच्या घरी गाऱ्हाणे घालण्याची चाल नाही अशी वरच्या आळीतली मुलेही त्यांत होती, हे चौकशीत निष्पन्न झाले. त्यांच्या बापांना समज देण्यात आली.)

मग, गणपती उठवताना जागच्या जागी हलवतात तसे, त्याने कपाट दोन्ही हातांनी तांदूळभर हलविले, दोरा सोडला, डावीकडून पाचवे पुस्तक काढले, दोरा पुन्हा बांधला आणि तो वर्गात जाऊन बसला. हे सर्व इतक्या साधेपणाने झाले की गोळपकरांना रागावण्यास योग्य जागा सापडेपर्यंत घंटा झाली.

समितीची बैठक त्याच दिवशी भरली. प्रश्न एकच होता: देवी गेली की नाही?

गेली असे मानावे, तर पुस्तके मोकळी झाली. पण मग जो निरोप देणे सव्वा वर्ष साऱ्या गावातील विद्वत्तेस जमले नाही, तो ज्याच्या घरचे पाणी आपण पीत नाही त्याच्या पोराने मूठभर उकड्या तांदळात दिला, आणि देवीने तो ऐकला, असे होते. समितीस देवीविषयी इतके वाईट मत करून घेणे जड गेले. तेव्हा देवी गेलेली नाही, असे एकमताने ठरले.

पण नाही गेली, तर तिचा एक भाग बंदरावरच्या एका झोपडीत होता.

"म्हणजे मूर्ती खंडित झाली," वकील म्हणाले.

खंडित मूर्तीची पूजा होत नाही, आणि ती घरात ठेवीत नाहीत, हे सांगण्यासाठी कोणास ग्रंथ उघडण्याची गरज नव्हती. तिचे एकच करतात.

"समुद्र जवळच आहे," मुख्याध्यापक अखेर म्हणाले. त्यांचा स्वभाव नेहमी व्यवहार्य बाजू पाहण्याचा होता.

गोळपकरांनी एक दुरुस्ती सुचविली, ती त्यांच्या दयाळूपणास शोभण्यासारखी होती: महाशिवरात्रीपर्यंत पुस्तक परत आले, तर मूर्ती सांधली असे मानून लहानसे प्रायश्चित्त घ्यावे, न आले तर विसर्जन. दुरुस्ती संमत झाली, आणि पुस्तक आणण्याचे काम तिच्या सूचकाकडे आले.

गोळपकर बंदरावर गेले. गुणाजी एका उपड्या होडीच्या सावलीत बसला होता. मांडीवर पुस्तक उघडे होते, आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून त्यावर एक शिंपला ठेवलेला होता. त्याची आई तुळसा जरा पलीकडे सुकत घातलेले बोंबील उलटीत होती.

"बाई," गोळपकर नाकास उपरणे लावून म्हणाले, "तुमच्या मुलाने देवीचे अंग घरी आणले आहे."

"व्हय, ऱ्हवलीय ती आमच्याकडं," तुळसा हात न थांबवता म्हणाली. "गुणी हाय बाय. खात नाय, पीत नाय, रुसत नाय. पोरगा दिसभर तिच्या तोंडाकडं बघत बसतो. तुमच्याकडं होती तवा बघायचात काय कोण तिच्याकडं?"

"दर्शन घेत असू."

"लांबून."

"नियमच तसा आहे."

"मंग न्या. पन मार्चात परीक्षेला तुमी बसा. नाव गुणाजी लावा, मी सांगेन पोरगा जरा जून दिसतो म्हनून."

गोळपकरांनी मुलाकडे मोर्चा वळविला. "गुणाजी, तू हे परत केले नाहीस तर उरलेली सगळी पुस्तके समुद्रात जातील. विचार कर. तुझ्या एका पुस्तकापायी."

"मी परीक्षा झाली की आणून देतो, मास्तर. तवर कशाला बुडवताव?"

"मूर्ती खंडित झाली म्हणून."

"मी एक वाचतोय म्हणून बाकीची बुडवायची?"

"तू वाचतो आहेस म्हणून नव्हे. ते कपाटात नाही म्हणून."

"कपाटात असलं तर मला वाचाया द्याल?"

"नाही."

गुणाजीने थोडा विचार केला. "म्हंजे कायबी केलं तरी वाचाया एकच ऱ्हातंय, ते हे," तो म्हणाला. "बाकीची बुडवायचीच असली, तर ती पण मला द्या. मी बुडवतो सावकाश. एकेक."

हे बोलणे समितीपुढे मांडण्याजोगे नव्हते. गोळपकर उठले, आणि उठताना त्यांची दृष्टी उघड्या पानावर गेली. सव्वा वर्षात ग्रंथालयातले एखादे पुस्तक आतून पाहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पानावर उदाहरणे होती, एका खाली एक, आणि समासात गुणाजीने बारीक अक्षरांत ती सोडविली होती. आत इतके सारे असते, हे गोळपकरांच्या स्मरणातून गेले होते. एका उदाहरणाचे उत्तर काय आले, हे बघण्यासाठी ते किंचित वाकले. मग आपण तीन हातांच्या आत आलो आहोत हे त्यांच्या लक्षात आले, आणि ते मागे सरले.

महाशिवरात्र आली आणि गेली. विसर्जन मोठ्या थाटाने झाले. पुढे लेझीम, मागे भजनी मेळा, मध्ये चार बैलगाड्या. सारा गाव रस्त्यावर लोटला. ज्यांनी शाळेच्या ग्रंथालयात कधी पाऊल टाकले नव्हते तेही डोळे पुसताना दिसले. पुस्तकांना सोडताना माणसाच्या मनात त्यांच्याविषयी किती प्रेम दाटून येते, हे पाहण्यासारखे होते.

होडी धोंडू तांडेलाची होती. खोल पाण्यात गेल्यावर एक तांत्रिक अडचण आली: पुस्तके बुडेनात. (पुष्कळांत वजनदार असे काही नव्हतेच.) तेव्हा ती दहा-दहांच्या गठ्ठ्यांनी बांधून खाली जांभ्याचे दगड लावावे लागले.

"मास्तर," वल्हे धरून धोंडू म्हणाला, "खाली मासे वाचतील काय ही?"

"मासे विद्यार्थी नव्हेत," गोळपकर गंभीरपणे म्हणाले. "त्यांना नियम लागू नाहीत."

"मग बरं हाय त्यांचं," धोंडू म्हणाला, आणि त्याने शेवटचा गठ्ठा सोडला.

परीक्षा झाली. गुणाजी पास झाला. बीजगणितात जिल्ह्यात त्याच्यावर कोणी नव्हते. शाळेने आपल्या अहवालात 'समृद्ध ग्रंथालयाचे फलित' या मथळ्याखाली त्याचे नाव छापले. गंगाराम मामाला साचा दुसऱ्या कोणा भाच्याला देण्याविषयी कळविण्यात आले.

इकडे ग्रंथालय रिकामे होते. ते तसेच ठेवावे असा एक विचार होता, कारण ते याहून स्वच्छ ठेवणे कोणास शक्य नव्हते. पण खात्याचे अनुदान पुस्तकांच्या संख्येवर असल्यामुळे समितीने नागरिकांना ग्रंथदानाचे आवाहन केले. (या आवाहनास विसर्जनाची जोड नव्हती, यावेळी काळजी घेतली होती.) प्रतिसाद डोळे दिपविणारा होता. वकील, डॉक्टर, इनामदार, पेन्शनर, मुंबईहून सुटीस आलेले चाकरमानी, सर्वांनी हात सैल सोडला. पंधरा दिवसांत कपाट पूर्वीहून अधिक भरले.

पुस्तके लावताना गोळपकरांना एक गोष्ट आढळली आणि त्यांचे मन भरून आले. त्या काळी पुस्तकांच्या पानांच्या कडा जोडलेल्याच येत; वाचणाऱ्याने त्या सुरीने फोडावयाच्या असत. दान आलेल्या पुस्तकांपैकी बहुतेकांच्या कडा अभंग होत्या. काहींची पहिली सोळा पाने फोडलेली होती. तेथवर अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना होती. एका ग्रंथराजात सतराव्या पानाशी सुरी तशीच राहून गेली होती, ती मालकास साभार परत पाठविण्यात आली. ज्या शिस्तीसाठी आपण शाळेत इतके झगडलो, ती या गावाच्या घरोघर कोणी न शिकविता, कोणतेही नियम न लावता, पूर्वीपासून पाळली जात आहे, हे पाहून गोळपकर थक्क झाले.

जूनच्या आरंभी, कचेरीत रुजू होण्यापूर्वी, गुणाजी शब्दाप्रमाणे बीजगणिताचे पुस्तक घेऊन आला. त्याच्या पुठ्ठ्यावर तेलाचे डाग होते, कोपरे दुमडलेले होते, समास आकड्यांनी भरून गेले होते, आणि सुटलेली दोन पाने त्याने सुताने शिवली होती. गोळपकरांनी ते दोन बोटांत धरून उलटेपालटे केले.

"हे घेता येणार नाही," ते म्हणाले. "वापरलेले आहे."

"पण तुमचंच हाय, मास्तर."

"आमचे समुद्रात आहे."

गुणाजीने पुस्तक काखेत घातले, वाकून नमस्कार केला आणि तो बंदराच्या रस्त्याला लागला. गोळपकरांच्या मनात एकदा आले की त्याला हाक मारून होडीपाशी पाहिलेल्या त्या उदाहरणाचे उत्तर विचारावे. पण मुले दर्शनासाठी दारात जमू लागली होती.

नवे ग्रंथालय आजही उत्तम स्थितीत आहे. ज्या सज्जनांनी पुस्तके दिली त्यांची नावे सुवाच्य अक्षरांत काचेआड लावली आहेत. रत्नागिरीस येणे झाले तर वाचकांनी तेथे अवश्य जाऊन यावे. आपले नाव आपण लगेच ओळखाल. पुस्तक ओळखता येणार नाही, म्हणून गोळपकरांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेविली आहेत.